पिंपातला समुद्र

घरात समुद्र पाळणं अजिबात अवघड नाही! त्याला दोनच गुण लागतात, नेमकेपणा आणि धीर. माझ्याकडे दोन्ही भरपूर आहेत. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. पाव नंबराचा फरक मला समोरच्याच्या कपाळावरच्या आठीवरून कळतो. बाकीचे हौशी लोक काय करतात? टाकी आणतात, नळाचं पाणी भरतात, मीठ ओततात, संध्याकाळी मासा सोडतात आणि सकाळी त्याला कुंडीत पुरतात! मी तसल्यांतला नव्हे. मी तीन महिने वाचन केलं, दोन वह्या भरल्या, आणि मगच अडीचशे लिटरची काचेची टाकी दिवाणखान्यात आणली.

दिवाणखाना सासरेबुवांचा. घरही त्यांचंच. मी घरजावई.

सासरेबुवा, म्हणजे स्पास, रेल्वेतले निवृत्त गार्ड. तब्येत खणखणीत, आवाज शिट्टीसारखा. नऊ वर्षं मी त्यांच्या घरात राहतोय, पण त्यांच्या तोंडून मला एकदाही 'शाब्बास' ऐकायला मिळालं नव्हतं. जिन्यातला दिवा बदलला, तर म्हणाले, "जुना बरा होता." आम्हाला मुलगी झाली, तर म्हणाले, "झ्लाटिनाने छान काम केलं." झ्लाटिना म्हणजे त्यांची मुलगी, माझी बायको. माझा त्या कामात काही हातभार असेल, अशी शंकासुद्धा त्यांना आली नाही!

टाकी पाहून ते म्हणाले, "समुद्र बघायचाय ना? आपल्या प्लेव्हेनहून गाडीत बस, पाच तासांत वार्नाचा किनारा. तिथे फुकट आहे."

"बाबा, आपला काळा समुद्र फिका आहे. प्रवाळाला खारं पाणी लागतं. लिटरला बरोब्बर पस्तीस ग्रॅम मीठ!"

"आता समुद्राची चवही यांना पसंत नाही," सासरेबुवा भिंतीला म्हणाले.

मग मी टाकीत दगड रचले. साधे नव्हेत, जिवंत दगड! दुकानदार त्यांना तसंच म्हणतो, आणि भावही जिवंत असल्यासारखाच लावतो. दगड रचल्यावर सहा आठवडे नुसतं थांबायचं. इथेच कच्चे लोक घाई करतात. मी आरामखुर्ची टाकीसमोर ओढली आणि थांबलो.

"म्हणजे आत्ता टाकीत आहे काय?" सासरेबुवांनी विचारलं.

"जंतू, बाबा. दगडांवर वाढतायत."

"दिसत नाहीत ते?"

"डोळ्यांना नाही दिसत."

"करतात काय?"

"माशांची घाण खातात."

"आणि मासे?"

"मासे अजून नाहीत."

सासरेबुवांनी झ्लाटिनाकडे पाहिलं. "आणि याच्यासाठी तू त्या दंतवैद्याला नाही म्हणालीस!"

तेव्हापासून रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन ते टाकीसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "काय जावईबापू, दगड हलला का?" हे त्यांनी खालच्या मजल्यावरच्या दाचोकाकालाही शिकवलं. दाचोकाका म्हणजे त्यांचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, इंजिन ड्रायव्हर. दोघांनी मिळून आयुष्यभर गाड्या उशिरा नेल्या. तोही जिन्यात भेटला की टोपी काढून अदबीने विचारायचा, "दगडसाहेब कसे आहेत?"

पाचव्या आठवड्यात मी चार गोगलगाई आणल्या. शंखावर तपकिरी पट्टे, चाल डौलदार, काचेवरचं शेवाळ चाटत फिरायच्या. काय सांगू, जीवच जडला माझा त्यांच्यावर! सहावा आठवडा सरत आला. रविवारी नारिंगी माशांची जोडी यायची होती. त्याआधी शनिवारी फक्त थोडं पाणी बदलायचं, की झालं!

आता नोव्हेंबरचा पहिला शनिवार म्हणजे आमच्याकडे काय, हे वेगळं सांगायला नको. कोबी! अख्ख्या इमारतीत पोती वर-खाली होत असतात. सासूबाई होत्या तोवर थंडीसाठी कोबी खारवत त्या घालायच्या. त्या गेल्यापासून सासरेबुवा घालतात, आणि त्या कामाला दुसऱ्या कोणाला बोटही लावू देत नाहीत. पिंपात गड्डे, वर मिठाचं पाणी, रंगाला बिटाचा तुकडा, मूठभर मक्याचे दाणे. मग रोज खालच्या तोटीतून पाणी काढायचं आणि वरून ओतायचं. फेब्रुवारीपर्यंत घर त्या कोबीवर जगतं. पण त्यांचं पिंप गेल्या थंडीत तडकलं होतं, आणि सप्टेंबरपासून ते माझ्या मागे लागले होते, "नवं पिंप आण!"

पिंप मी आणलं! निळं, दीडशे लिटरचं, खाली तोटी असलेलं. फक्त ते माझ्या समुद्रासाठी आणलं होतं. शुक्रवारी ते तळघरातल्या आमच्या खोलीत ठेवलं, गाळलेलं सत्तर लिटर पाणी भरलं, मीठ तोलून घातलं, ढवळायला हवेचा पंप सोडला, झाकण लावलं आणि वर येऊन शांत झोपलो. त्यांचंही पिंप राहिलंय, हे माझ्या लक्षात होतं. आणू की सोमवारी!

शनिवारी दुपारी दुकानातून घरी आलो, तर सासरेबुवा दारातच उभे. हसत! मला वाटलं, कोणीतरी गेलं.

"ल्युबेन! ये, बस!"

ल्युबेन! नऊ वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक! आणि टेबलावर त्यांची खास राकिया, जर्दाळूची घरगुती दारू, जी ते माझ्यापासून कपाटाला कुलूप लावून ठेवतात. दोन पेले भरलेले.

"खाली जाऊन आलो," ते म्हणाले. "मीठ किती घातलंस?"

"लिटरला पस्तीस ग्रॅम, बाबा."

"बोट बुडवून चाखलं मी. अगदी माझ्या वडिलांचं माप! आणि पंप! अरे, मी वीस वर्षं नळीतून तोंडाने फुंकतोय, गालफडं दुखून येतात, पण हे मला कधी सुचलं नाही!" आणि मग त्यांनी पेला उचलला आणि तो शब्द उच्चारला. "शाब्बास!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत! त्यांचे वडील कुठल्या समुद्रात पस्तीस ग्रॅम मीठ घालत होते, आणि हे नळीतून कशात फुंकत होते, हे मी विचारायला हवं होतं. पण नऊ वर्षांनी शाब्बासकी मिळाल्यावर कोण चौकशा करत बसतो? मी अजून एक पेला घेतला. दोघं गळ्यात गळा घालून बसलो. "माझा जावई," असं त्यांनी दोनदा म्हटलं, आणि 'बापू' जोडलं नाही.

त्याच तंद्रीत मी कॅन घेऊन तळघरात गेलो. पिंपाच्या झाकणावर कोणीतरी दगड ठेवला होता. किती ती काळजी, मी म्हटलं. झाकण उघडायची गरजच नव्हती. खालची तोटी सोडली, दहा-दहा लिटरचे तीन कॅन भरले आणि चार मजले चढवले. आमची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. टाकीतलं तेवढंच जुनं पाणी काढून हे ओतलं आणि दोन पावलं मागे सरून समुद्राकडे कौतुकाने पाहू लागलो.

"ल्युबेन," झ्लाटिना स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोबीचा वास कुठून येतोय रे?"

"आज अख्ख्या गावात कोबीचाच वास आहे!"

"अरे, पण तुझ्या समुद्राला गुलाबी रंग कशाने आला?"

मी चष्मा पुसून पाहिलं. गुलाबी! पाव नंबराचा फरक ओळखणाऱ्या माणसाला दिव्याखाली तीस लिटर गुलाबी पाणी दिसलं नव्हतं! एका दगडावर मक्याचा दाणा बसला होता. चारही गोगलगाई काचेवरून वर चढत होत्या. गोगलगाय धावू शकत नाही असं मला वाटायचं. धावते!

तेवढ्यात तळघरातून शिट्टी फुटल्यासारखी आरोळी आली.

"चोर! माझ्या कोबीचं पाणी चोरलं!"

माझ्या डोक्यात सगळा प्रकाश एकदम पडला. माझ्या समुद्रात सासरेबुवांनी तीस गड्डे घातले होते! देठ कोरून, एकेक रचून! आणि ते ज्या मिठावर खूश झाले होते, त्याच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खाण्यासाठी नाही.'

"जाऊन सांग त्यांना," झ्लाटिना म्हणाली.

"सांगतो ना! जरा योग्य वेळ बघून."

"आत्ता, ल्युबेन!"

"अगं, त्यांनी मला शाब्बास म्हटलंय गं! जरा अंगाला लागू दे!"

झ्लाटिनाने कपाळावर हात मारला.

जिन्यात दारं उघडायला लागली. सासरेबुवा खालच्या मजल्यावर दाचोकाकाचं दार बडवत होते. काल दाचोकाकाच्या भाचीचं लग्न होतं. रात्री त्याला चौघांनी उचलून आणलं होतं, आणि चढलेल्या दारूवर कोबीच्या पाण्यासारखा उतारा दुसरा नाही, हे इमारतीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

"दाचो! बाहेर ये! तीस लिटर प्यायलास? अरे, अजून एक दिवसाचंही झालं नव्हतं ते! कच्चं होतं!"

"काय प्यायलो?" दाचोकाका डोकं धरून दारात आला. "हळू बोल रे स्पास, केस दुखतायत माझे."

"माझा जावई मर-मर मेला त्यासाठी! पस्तीस ग्रॅम तोलून घातलं पोराने!"

पोराने! ऐकताय ना? पोराने म्हणाले! आता हे मी कसं काय गमवायचं? मी ठरवलं, गुपचूप पाणी परत भरायचं. पिंप भरलेलं दिसलं की भांडण मिटेल. मीठ न खाण्याचं होतं हे उद्या सकाळी, नाश्ता झाल्यावर, शांतपणे सांगू. मी टाकीत नळी घातली, तीन कॅन भरले, आणि मागच्या जिन्याने दोन खेपा करून धापा टाकत तळघर गाठलं. झाकण उघडलं. कोबीचे गड्डे माझ्याकडे बघत होते. सगळं ओतलं, दगड परत ठेवला. तोवर वरून वरात खाली उतरायलाच लागली! पुढे सासरेबुवा, मागे दाचोकाका, त्यामागे पायजम्यांतले आणि एप्रनमधले शेजारी, शेवटी झ्लाटिना.

"ल्युबेन, तू आधीच आलास? बघ, बघ तुझ्या मेहनतीचं काय केलं याने!" असं म्हणत सासरेबुवांनी झाकण बाजूला केलं.

पिंप काठोकाठ!

दाचोकाकाने वाकून पाहिलं, मग सासरेबुवांच्या डोळ्यांसमोर दोन बोटं नाचवली. "किती आहेत, स्पास?"

"अरे, आत्ता पाणी अर्ध्यावर होतं! आईशप्पथ!"

"चाळीस वर्षांची दोस्ती! आणि सगळ्या इमारतीसमोर मला कोबीचोर ठरवलंस! आजपासून आपलं बोलणं बंद!"

सासरेबुवांचा चेहरा असा पडला, की मला बघवेना. त्या माणसाला जगात एकच दोस्त होता. मी तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं. आता सांगतो, आता सांगतोच, असं मनात म्हणत होतो, तेवढ्यात सासरेबुवा पिंपावर वाकून पुटपुटले, "आणि हे काय? गोगलगाय? बाजारातला तो लबाड, किडका कोबी दिला मला!" त्यांनी तिला दोन बोटांत धरून उचललं. तपकिरी पट्टे. आणि फरशीवर टाकून पाय उचलला.

"अहो बाबा, थांबा! माझी आहे ती!"

मी कधी झेप घेतली, मला कळलं नाही. गोगलगाय ओंजळीत धरून मी सासरेबुवांच्या बुटाशी गुडघ्यांवर बसलो होतो. शंख शाबूत होता. वर पाहिलं तर पंधरा चेहरे माझ्यावर खिळलेले.

मग काय, सगळं सांगितलं! पिंप कोणासाठी आणलं, मीठ कसलं, पाणी कुठून कुठे गेलं आणि कुठून परत आलं. खाण्यासाठी नाही, हेही सांगितलं. एक बाई "तीसच्या तीस गड्डे वाया?" म्हणून हळहळली.

सासरेबुवांनी पिंपातला एक गड्डा उचलला, हुंगला आणि परत ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी टोपी काढली आणि दाचोकाकासमोर जाऊन उभे राहिले. गार्डसाहेबांनी कोणाची माफी मागितलेली त्या इमारतीने कधी पाहिली नव्हती, त्यामुळे मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले.

"माफ कर, दाचो," ते म्हणाले. "चूक माझीच झाली. मला वाटलं, आमचा जावई कामाचा निघाला."

दाचोकाकाचे डोळे पाणावले. त्याने त्यांना घट्ट मिठी मारली आणि पाठीवर थोपटत म्हणाला, "जाऊ दे रे, स्पास. तुझ्या जागी मी असतो, तर मीही फसलो असतो!"