त्याच्या नावाचं पाणी

सुखदेवजी माळी तहानेनं कासावीस दिसले, की आम्ही ओळखायचो, आज हे कुणाची तरी चौकशी करून आले. भर वैशाखात ओठ वाळलेले, पागोटं डोळ्यांवर घसरलेलं, आणि घरात शिरताच अर्धी घागर रिकामी. वाशीमच्या शिवेला त्यांचा मळा, विहिरीला बारा महिने पाणी, आणि मालक मात्र दिवसदिवस कोरडा फिरायचा. मी शाळामास्तर, त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायचो. मला आधी वाटलं, काही नवस असेल.

पण प्रकार निराळाच होता. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची ती वर्षं, इंग्रजी अंमलातली. जन्मठेपेच्या कैद्यांनी बरीच शिक्षा भोगली, की त्यांना घरी सोडण्यात धोका आहे की नाही, हे ठरवायला जिल्ह्याच्या तुरुंगात एक मंडळ बसायचं. साहेब, जेलर आणि बाहेरचे दोन प्रतिष्ठित गृहस्थ. त्या दोघांत एक सुखदेवजी. प्रतिष्ठित कशामुळे, तर त्यांची वांगी साहेबाच्या बंगल्यावर जायची. दुसरं कारण मला तरी सापडलं नाही. कागद इंग्रजीत असायचे, म्हणून ते वाचायला मला सोबत न्यायचे.

साहेब कैद्याला विचारायचा, पश्चात्ताप झाला का? तो सगळ्यांनाच झालेला असायचा. जेलर वर्तणूक वाचायचा. तीही सगळ्यांची उत्तम. मग सुखदेवजी खाकरायचे आणि म्हणायचे, “हे समदं बेस हाय साहेब, पन सुटल्यावर जाईन कुठी?” हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की दाव्याचं वासरू सोडणाऱ्या गड्यालाही ते तेच विचारत. मी बायकोला माहेरी पाठवतोय म्हटलं, तेव्हा मलाही विचारलं.

त्याचं उत्तर मिळवायची त्यांची स्वतःची तऱ्हा होती. कैद्याच्या घरी सगळेच जातात. सुखदेवजी जायचे ते ज्याचा जीव गेला त्याच्या घरी. छकड्यातून उतरायचे, ओसरीवर बसायचे आणि एवढंच सांगायचे, “मी अमक्याच्या नावानं आलो.” पुढे गप्प. आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाण्याचा लोटा देतात, मग काम विचारतात. वैऱ्याच्या माणसाला तेवढा देत नाहीत. लोटा आला, तर त्या घरानं कैद्याला गावात यायला वाट दिली, असं सुखदेवजी धरायचे. नाही आला, तर दिवस कलल्यावर मुकाट उठायचे. घरून निघतानाही घोटभर घ्यायचे नाहीत. मी खूप सांगून पाहिलं. “पानी पिऊन गेलो तं मी कायले वाट पाहीन, मास्तर?” म्हणायचे.

एकदा मंगरूळपीरकडच्या गावात लोटा तर मिळालाच, वर गूळ, शेंगदाणे आणि जेवायचा आग्रह. सुखदेवजी हरखून परत आले. चार दिवसांनी कळलं की घर चुकलं. आडनाव तेच, पण त्या घरी लग्नाची पोर होती आणि कैद्याच्याच नावाच्या एका मुलाकडून निरोप यायचा होता. हे ओसरीवर बसून ‘त्याच्या नावानं आलो’ म्हणाले, तेव्हा पोरीच्या आईला आकाश ठेंगणं झालं असणार. सुखदेवजी पुन्हा तहानलेले गेले. खऱ्या घरच्या म्हातारीनं दिवसभर बसवलं आणि ते उठता उठता लोटा पुढे केला. तो कैदी सुटला.

एक घर मात्र त्यांच्या अगदी बांधाला लागून होतं. पारबतीबाईचं. दोन्ही मळ्यांत विहीर एकच. मोटेच्या पाळीवरून भांडण झालं आणि सुखदेवजींचा धाकटा भाऊ महादू याच्या हातून पारबतीबाईचा नवरा गेला. महादूला जन्मठेप झाली. मला हे गावात आल्यावर कितीतरी दिवसांनी कळलं, कारण अख्खी आळी त्याबद्दल गप्प होती.

पारबतीबाई वाईट नव्हती. एरवी बांधावरून हाक मारून सुखदेवजींना ताक द्यायची, खोकला झाला तर अडुळसा आणून द्यायची. पण वर्षातून एकदा सुखदेवजी नवं पागोटं बांधून, फेरा घेऊन पुढच्या दारानं जायचे आणि ओसरीवर बसून म्हणायचे, “वहिनी, मी महादूच्या नावानं आलो.” ती सुपातली तूर पाखडत राहायची. उठायची नाही. संध्याकाळी हे परत यायचे, आणि त्या रात्री त्यांच्याकडे चूल पेटायची नाही.

पौषातल्या बैठकीत महादूचा कागद निघाला. भाऊ म्हणून सुखदेवजींना साहेबानं बाहेर बसायला सांगितलं आणि घरचा कर्ता म्हणून लगेच आत बोलावलं. महादू समोर उभा होता, डोकं पांढरं झालेला. साहेबाचं मत सोडण्याचं दिसत होतं. एव्हाना पाण्याची रीत त्यालाही पाठ झाली होती. त्यानं विचारलं, त्या घरानं तुम्हाला पाणी दिलं का?

‘हो’ म्हटलं असतं, तरी ते खोटं नव्हतं. परवाच त्यांनी तिच्या हातचं ताक घेतलं होतं. सुखदेवजी महादूकडे बघत राहिले.

“मले देते साहेब,” ते म्हणाले. “महादूच्या नावानं नाई देत.”

साहेबानं टाक खाली ठेवला. पुढच्या बैठकीत पाहू, म्हणाला.

व्हरांड्यात महादू आमच्यासमोर थांबला. मला वाटलं, आता शिव्या घालतो. त्यानं भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दादा, लय वाळला रे तू,” एवढंच म्हणाला. शिपायानं त्याला नेलं.

मला भयंकर राग आला होता. परतीच्या मोटारीत बसल्यावर मी बोललोच, की तुम्ही एक शब्द बोलला असतात तर आज तो आपल्यासोबत घरी आला असता. सुखदेवजींनी ऐकून घेतलं.

“आला असता. अन उद्या सकाळी विहिरीवर त्या बाईनं कोनाचं तोंड पाहावं?”

खिडकीतून गार वारा येत होता. मी ती लावून घेतली, तरी ते अंग चोरून बसले होते.

“महादू लहाना होता तं माह्याच गोधडीत झोपे,” ते म्हणाले. “हिवाळा आला का मले अजून एका अंगानं थंडी वाजते, मास्तर.”