सतरा नंबरची जागा

सोमवारी सकाळी बायामोच्या गाडीत सतरा नंबरवर पुन्हा दोन माणसं निघाली. दोघांकडे तिकीट, दोन्ही तिकिटं खरी, दोन्हींवर तारीख तीच, जागा तीच आणि वेळही सेकंदासकट तीच. कामाग्वे बसस्थानकाचे व्यवस्थापक दागोबेर्तो यांनी ती तिकिटं टेबलावर शेजारी शेजारी मांडली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ओस्वेलला बोलावणं धाडलं.

ओस्वेल हा स्थानकाचा एकुलता एक प्रोग्रामर. खिडक्यांवरचं तिकीटयंत्र आणि हवानातला मोठा संगणक यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारी, सी या संगणकभाषेत लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा होता, तिची उस्तवार त्याच्या गळ्यात पडली होती. ती लिहिणारा गृहस्थ केव्हाच चिलीला निघून गेला होता. जाताना ऐन मोक्याच्या ओळीवर त्याने एक टीप सोडली होती: "इथे कुलूप लागत नाही. दोन माणसं एकाच क्षणी कशाला येतील?" ओस्वेलने तिथे कुलूप, म्हणजे एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी ओळ, लावून वर्ष झालं होतं. पण माणुसकीवरचा असा विश्वास त्या गृहस्थाने आणखी चाळीस ठिकाणी दाखवला होता.

"त्याचं असं आहे साहेब," ओस्वेल समजावू लागला. "खिडक्या दोन, म्हणून आत थ्रेड दोन, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं. एक थ्रेड हवानाला विचारतो, सतरा रिकामी आहे का? आहे. तो तिकीट काढायला वळतो तेवढ्यात दुसरा तेच विचारतो. त्यालाही रिकामीच दिसते. मग दोघंही विकून मोकळे."

"मग एकाला सांग, थांब म्हणून."

"तेच सांगायचंय. पण नेमकं कुठे सांगायचं, ते घडताना बघितल्याशिवाय कळत नाही."

"चार महिने घडतंय. तू काय बघत होतास?"

ओस्वेलने विषय बदलायला खिशातून रजेचा अर्ज काढला. शनिवारी बायामोला त्याच्या भाचीचा, दायामीचा, पंधरावा वाढदिवस होता. तिचे वडील बोटीवर, समुद्रात कुठेतरी. पंधराव्याला मुलीने वडिलांबरोबर पहिला वाल्ट्झ नाचायचा रिवाज, म्हणून तो मामाने नाचायचा असं वर्षभर ठरलेलं. दागोबेर्तोंनी अर्ज नीट वाचला, त्याची सुबक घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली फिरवली.

"सतरावर एकच माणूस बसेल त्या दिवशी सही करतो," ते म्हणाले. "आणि कर्मचाऱ्याला सही झाल्याशिवाय तिकीट नाही, हे तुला ठाऊक आहे."

त्या दिवशी दुपारी ताईचा, नेरेइदाचा, फोन आला. "तू आला नाहीस तर मी विल्फ्रेदोला उभा करीन," ती म्हणाली. विल्फ्रेदो हा तिचा दीर, दातांचा डॉक्टर. नाचतानासुद्धा तो मुलींना तोंड उघडून दाखवायला सांगायचा.

"ताई, मी येतोय."

"पोरगी रोज विचारते, मामाने सराव केला का. मी सांगते, केला. खोटं बोलायला लावू नकोस मला."

मंगळवारी ओस्वेलने लायब्ररीत जागोजागी पहारे बसवले. कुठला थ्रेड कुठे आला, काय बघितलं, कधी निघाला, सगळं पडद्यावर छापून यावं अशी सोय केली. झालं, दोष गायब. छापायला लागणाऱ्या त्या कणभर वेळात दुसरा थ्रेड सभ्यपणे मागे राहतो, असा त्याने तर्क केला. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरासारखा प्रकार. पहारे काढले तर काही दिसणार नव्हतं आणि ठेवले तर काही घडत नव्हतं.

मग त्याने वैतागून चाळीसही ठिकाणी सरसकट कुलपं ठोकली. त्या दिवशी एका तिकिटाला अकरा मिनिटं लागली. हॉलमधल्या लोकांनी वरच्या मजल्याकडे बघून त्याच्या आईची अशा शब्दांत आठवण काढली की त्याने मुकाट्याने कुलपं उतरवली.

बुधवारी त्याने खिडक्यांवरच्या दोघींना, लासारा आणि मिर्ताला, हाताशी धरलं. "मी तीन म्हटलं की दोघींनी एकदम बटण दाबायचं." तासभर हा खेळ चालला. कधी लासारा मागे, कधी मिर्ताला शिंक. एकदाही जमलं नाही.

"अगं, इतकं अवघड आहे का?" ओस्वेल काकुळतीला आला.

"आम्ही तिकीटवाल्या आहोत," लासारा नखं बघत म्हणाली. "बँडात नाही आहोत."

हताश होऊन तो चार महिन्यांची दुहेरी तिकिटं चाळत बसला, आणि तेव्हा कुठे त्याने जे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं ते बघितलं. नावं. दर सोमवारी आणि गुरुवारी तीच दोन नावं. सोइला, निवृत्त गणिताच्या बाई. बिएनवेनिदो, नगरपालिकेच्या बँडमधले निवृत्त ट्यूबावादक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. आणि बाई तर खिडकीवरच्या लासाराची आई.

गुरुवारी तो सकाळी हॉलमधल्या खांबाआड उभा राहिला. रांग कामाग्वेच्या रिवाजाप्रमाणे अदृश्य होती. येणारा "शेवटचं कोण?" विचारायचा, कोणीतरी हात वर करायचं, मग येणारा त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवून कॉफी प्यायला निघून जायचा. कोण कोणाच्या मागे हे सगळ्यांना पाठ. बाईंचा नंबर आला तर त्यांनी मागच्याला म्हटलं, "तू जा पुढे, मला घाई नाही." दुसऱ्या खिडकीशी मास्तर तेच करत होते. असे चार-पाच जण सोडून शेवटी दोघंही एकाच वेळी आपापल्या खिडकीशी पोचले. बाई नेहमीप्रमाणे मिर्ताकडे, मास्तर लासाराकडे. मास्तरांची दोन बोटं फळीवर वाजू लागली. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला दोघांच्या तोंडून एकदम, "बायामो, एक."

दोन यंत्रांतून दोन तिकिटं बाहेर आली. लगेच बाईंचा आवाज चढला. "पुन्हा हा माणूस माझ्या जागेवर!" मास्तरही कमी नव्हते. भांडत भांडत दोघं फलाटाकडे निघाली, ओस्वेल धावत मागे गेला आणि वळणावर त्यांना गाठलं. भांडण केव्हाच थांबलं होतं. मास्तरांनी बाईंची पिशवी घेतली होती.

"पोलिसात देणार का रे?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. पण का करता हे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मास्तरच म्हणाले, "सरळ मागितलं तर यंत्र मला तीन नंबर देतं, यांना एकतीस. एकदम मागितलं की दोघांनाही सतरा. एका जागेची दोन तिकिटं निघाली की ड्रायव्हर कंटाळून दोघांना त्याच्या मागच्या बाकावर बसवतो. दोनच माणसांचा बाक आहे तो."

"मग एकत्र तिकीट मागा की."

"लासाराच्या डोळ्यांदेखत?" बाई म्हणाल्या. "तिचे वडील जाऊन तीन वर्षं झाली. अजून त्यांचा फोटो जेवणाच्या टेबलावर आहे, रोज त्यांच्यासमोर कॉफीचा कप ठेवते पोरगी. तिला मी काय तोंडाने सांगू? भांडताना दिसलो म्हणजे कोणाला संशय येत नाही."

ओस्वेलला वाईट वाटलं. पण शनिवार दोन दिवसांवर आला होता. त्याने दोघांशी सौदा केला. त्यांनी हा प्रकार आणखी तीनदा करून दाखवायचा, तो दोष पकडेल, आणि बदल्यात लायब्ररीत शेजारच्या दोन जागा मागायची सोय करून देईल. मिर्ताची खिडकी गाठायची, लासाराला कळायचंही कारण नाही. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. त्याने चाचणीसाठी बाराकोआची एक न धावणारी गाडी यंत्रात घातली. या वेळी छापण्याऐवजी त्याने नोंदी संगणकाच्या मेमरीतच गोळा केल्या, म्हणजे थ्रेडना पहारा कळू नये. दोघं परत खिडक्यांशी गेली. मास्तरांची बोटं वाजली. दर वेळी गाडी पुन्हा रिकामी केली, तिन्ही वेळा सतरा नंबर दोघांना मिळाला, आणि चाळिसांतली नेमकी दोन ठिकाणं उघडी पडली.

शुक्रवारी सकाळी नवी लायब्ररी खिडक्यांवर चढली. प्रत्येक जागेला स्वतःचं कुलूप. विकायच्या आधी लावायचं, विकून झालं की काढायचं. दोन जागा हव्या असतील तर दोन कुलपं. दहा वाजेपर्यंत सगळं लोण्यासारखं चाललं आणि दहा वाजून दोन मिनिटांनी दोन्ही पडद्यांवर "कृपया थांबा" असं आलं. लोक थांबले. साडेदहापर्यंत थांबले. दागोबेर्तो जिन्यावरून खाली उतरले.

ओस्वेलने नोंदी उघडून बघितल्या. एका खिडकीवरच्या बाईला बावीस आणि तेवीस हवे होते. दुसरीवरच्या माणसाला तेवीस आणि बावीस, कारण त्याला आधी खिडकीची जागा पक्की करायची होती. एकाने बावीसला कुलूप लावलं आणि तो तेवीसची वाट बघत बसला. दुसऱ्याने तेवीसला लावलं आणि तो बावीसची. दोघंही जन्मभर बसले असते.

नवी सोय बघायला आलेल्या सोइलाबाई मागून डोकावल्या. "काय अडलंय?" त्याने सांगितलं.

"एवढंच? लहान आकडा आधी घ्यायचा. कोणी काहीही मागो."

"म्हणजे?"

"म्हणजे दोघांनी आधी बावीसच धरायचा. एकाला मिळेल, दुसरा हात हलवत उभा राहील, त्याच्या हातात काहीच नसेल, मग तो कोणाला अडवणार? चढता क्रम, बाळा. छत्तीस वर्षं दुसरीला शिकवला."

ओस्वेलने पाच ओळी बदलल्या. दोन्ही खिडक्या मोकळ्या झाल्या आणि दहापासून तुंबलेला हॉल तासाभरात वाहून गेला. दुपारी त्याने दागोबेर्तोंना खाली बोलावलं.

"साहेब, तुमच्या डोळ्यांसमोर टक्कर घडवतो. मास्तर मिर्ताकडे उद्याच्या बायामोच्या सतरा आणि अठरा मागतील. मी लासाराकडे त्याच क्षणी सतरा मागेन, तेही खऱ्या पैशांनी, माझंच तिकीट. एका जागेची दोन तिकिटं निघाली तर मी शनिवारी इथेच."

मास्तरांची बोटं वाजली. चौथ्याला दोघं बोलले. मिर्ताच्या यंत्रातून दोन तिकिटं निघाली. लासाराच्या यंत्रातून काहीच निघालं नाही. पडद्यावर नम्र शब्दांत लिहून आलं की जागा शिल्लक नाही. दागोबेर्तोंनी ओस्वेलच्या पाठीवर थाप मारली आणि तिथेच फळीवर अर्ज ठेवून सही ठोकली.

"आता दे," ओस्वेल खुशीत लासाराला म्हणाला. "सतरा नको, कुठलीही दे."

लासाराने पडदा त्याच्याकडे वळवला. "त्या शेवटच्या दोन होत्या."

"सकाळी नऊ शिल्लक होत्या."

"सकाळी यंत्र गोठलं होतं. तूच तर झटपट करून ठेवलंस."

"दुसरी गाडी?"

"परवा."

ओस्वेल हॉलमधल्या बाकावर बसला. लायब्ररी अगदी बरोबर वागली होती, एका ओळीचीही चूक नव्हती, आणि त्याला रडू येत होतं. मास्तर शेजारी येऊन बसले तेव्हा त्याने दायामी, वाल्ट्झ आणि दातांचा डॉक्टर असं सगळं सांगून टाकलं.

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाई दोन्ही तिकिटं घेऊन चार महिन्यांत पहिल्यांदाच लेकीच्या खिडकीशी गेल्या.

"ही परत घे. एक याच्या नावावर कर."

"आणि दुसरं?" लासाराने विचारलं.

"तेही घे परत. मी नसले तर मास्तर एकटे बायामोला जाऊन काय करतील?"

बोलून गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं आणि त्या लालेलाल झाल्या. मिर्ता एकदम कागद लावायच्या कामाला लागली.

"आई, तुमचं बायामोत काम काय असतं?"

"काही नाही. कॉफी पितो आणि येतो."

लासारा तिकीट रद्द करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मास्तरांचा ठेका चौथ्याला किंचित मागे पडतो. मला आणि मिर्ताला दर वेळी सावरून घ्यावा लागायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे बटण तुम्ही थोडंच दाबत होता, आई? आम्ही दाबत होतो." तिने ओस्वेलपुढे तिकीट सरकवलं. "रविवारी मास्तरांना जेवायला बोलाव, आई. फोटो मी दिवाणखान्यात लावते."

बाईंना पदर नव्हता म्हणून त्यांनी डोळे पिशवीच्या कोपऱ्याने पुसले. मास्तरांची बोटं बाकावर वाजत होती, पण कुठल्याच तालात नव्हती.

ओस्वेल तिकीट हातात धरून तसाच उभा राहिला. "आणि बुधवारी? तासभर मी गळा फोडून तीन म्हणत होतो."

"बुधवारी आई नव्हती ना रांगेत," लासारा म्हणाली. "उगीच कोण दाबेल?"

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बायामोत ओस्वेल दायामीबरोबर नाचला. दोनदा तिच्या पायावर पाय पडला, पण तिने ते कोणाला कळू दिलं नाही.

"मामा, आई म्हणत होती तुझ्याकडे काहीतरी मोठं बिघडलं होतं. सापडलं?"

"सापडलं."

"काय बिघडलं होतं?"

"काहीच नाही," ओस्वेल म्हणाला. "पण कळेपर्यंत मी दुरुस्त करून बसलो होतो."