थुंकीवरून स्थळ

सालेकसा तालुक्यातील शेतकरी मनीराम यांचे एकुलते चिरंजीव हेमेंद्र यांचे लग्न जमत नव्हते, आणि ही बाब आता घरगुती राहिली नव्हती. हेमेंद्रकडे धानाची शेती होती, ट्रॅक्टर होता, कृषी पदविका होती. मुलीकडच्यांना शेती असलेलाच मुलगा हवा असे. फक्त तो शेतात दिसता कामा नये, अशी त्यांची माफक अट असे. हेमेंद्र शेतातच दिसे. पत्रिका जुळली तिथे मुलगी नाही म्हणाली, मुलगी हो म्हणाली तिथे मंगळ आडवा आला.

अशा वेळी गोंदियात 'जनुकीय विवाह जुळणी केंद्र' उघडले. संचालक वीरेंद्र यांचा पूर्वीचा व्यवसाय माती परीक्षणाचा होता. यंत्र नवे आणले की जुनेच पुसून घेतले, यावर ते बोलत नसत.

"देखो काका," ते मनीरामला म्हणाले, "कुंडलीवाले तारे देखते हैं. अपने इधर सीधा आदमी देखते हैं."

मग त्यांनी तत्त्व समजावले. नवराबायकोची जनुके जितकी वेगळी, तितकी संतती निरोगी. जितकी सारखी, तितकी पुढची पिढी अशक्त. मनीरामला हे एका दमात पटले.

"म्हन्जे बियानं बदलून पेरा लागते," तो म्हणाला. "एकच बियानं सालोसाल पेरलं का लोंबी बारीक होत जाते."

एवढा वैज्ञानिक दृष्टिकोन असलेला ग्राहक वीरेंद्रने पाहिला नव्हता. त्यांनी चहा मागवला.

नमुना थुंकीचा द्यायचा होता. हेमेंद्रच्या गालात कॉलेजपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा वस्तीला होता. तो त्याने केंद्राच्या दारात थुंकला आणि आत जाऊन नळीत नमुना दिला. अहवाल आला : 'नमुन्यात मानवी अंश अपुरा. सुपारीच्या झाडाशी जुळणी उत्तम.' आई चमेलीबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. सुपारी तर सुपारी, पण मुलाचे कुठेतरी उत्तम जुळले, असे शेजारणीने समजावले तेव्हा त्या आणखी रडल्या.

फेरनमुन्यासाठी हेमेंद्रने खर्रा बंद केला. त्या काळात तो बैलांशीसुद्धा भांडला. पण नमुना शुद्ध निघाला, आणि मनीरामने नात्यागोत्यातून सुचवलेल्या मुलींचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. तिरोड्याच्या मुलीबाबत यंत्राने कळवले, 'जनुके फार सारखी. भावंडे असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' आमगावच्या मुलीबाबतही तेच. गोरेगावच्या मुलीबाबत शेरा होता, 'राखीपौर्णिमेस संपर्क साधावा.'

हेमेंद्रला बायको मिळेना, बहिणी मात्र वाढत चालल्या. त्यातच आमगावच्या मुलीच्या वडिलांनी फोन करून विचारले, की मनीराम तरुणपणी आमगावला कायले येत होते. हाच प्रश्न चमेलीबाईंनीही विचारला, जरा हळू आवाजात, पण जास्त वेळ. बैलबाजारासाठी, असे मनीराम सांगत राहिला. शेवटी वीरेंद्रने लेखी खुलासा दिला, की यात मनीराम यांचा वैयक्तिक दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्ने झाल्यामुळे अख्खा समाजच एकमेकांचा भाऊबहीण झालेला आहे.

"अब रिश्तेदारी के बाहर, खुली जुळणी करावी लागेल," वीरेंद्र म्हणाले. मनीरामने तत्काळ संमती दिली. विज्ञानात मागे हटणारा तो माणूस नव्हता.

खुल्या जुळणीत पहिल्याच झटक्यात यंत्राने हिरवा दिवा दाखवला. मुलीचे नाव रचना. नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवणारी गाइड, राहणार कोहमारा. तिने नमुना दिला होता, कारण केंद्राच्या शिबिरात थुंकणाऱ्याला टोपी फुकट मिळत होती.

भेट कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर ठरली. नियमाप्रमाणे शेवटची चाचणी वासाची होती. दोघांनी अंगात घातलेला, न धुतलेला कपडा आणायचा आणि समोरच्याने हुंगायचा. वास आवडला तर जनुके खरोखर जुळली. हेमेंद्रने बनियन आणले. पण पोरीसमोर मुलाचा मळका कपडा जावा, हे चमेलीबाईंच्या संस्कारात बसणारे नव्हते. त्यांनी बनियन धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून पिशवीत ठेवले होते.

रचनाने ते गंभीरपणे हुंगले. "ह्याले त साबनाचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. "मी साबनाशी लगन करू का?"

हेमेंद्र हसला. खर्रा सुटल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता. मग चाचणी बाजूला राहिली. रचनाने सांगितले, की पर्यटकांना जंगलात वाघाशिवाय काही दिसत नाही. झाडाखाली उभा गवा दाखवला तर ते म्हणतात, ठीक आहे, वाघ कुठे आहे? हेमेंद्रने सांगितले, की त्याच्या धानात रानडुकरे येतात आणि त्यांना बघायला मात्र कोणी तिकीट काढत नाही. चहा निवला. दुसरा मागवला, तोही निवला.

उठताना ती म्हणाली, "मशीनचं मले मालूम नाही. खर्रा पुन्हा नाही लावला, त मी हो म्हनतो."

हेमेंद्र मोटरसायकलवर परतला तेव्हा वाटेतल्या पानठेल्याकडे त्याने मान वळवून पाहिलेसुद्धा नाही.

प्रमाणपत्र आले. जुळणी : सर्वोत्कृष्ट. मनीरामने पेढे सांगितले आणि केंद्रात फोन लावला. आभार मानले, विज्ञानाचा जयजयकार केला आणि मग सहज विचारले, "पन पोरगी कोनातली हाय?"

"काका, जीन में वो नहीं आता."

"कायले नाही येत? मायबाप येते, बिमारी येते, आन हेच कसं नाही येत? मशीन पुन्हा लावून पाहा."

मशीन पुन्हा लावले. जात आली नाही. मग मनीरामने कोहमाऱ्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. जे यंत्राला जमले नाही, ते त्याने चहाचा घोट गिळायच्या आत सांगितले. पेढे परत गेले.

हेमेंद्रने वडिलांना बियाण्याची आठवण करून दिली. मनीराम म्हणाला, "धानाचं येगळं, मानसाचं येगळं," आणि प्रकरण समाजाच्या सभेत नेले. अध्यक्ष चुन्नीलाल सेवानिवृत्त मुख्याध्यापक होते आणि एकेकाळी विज्ञान शिकवत. त्यांनी ठराव मांडला : विज्ञानाला समाजाचा पूर्ण पाठिंबा आहे; मात्र विज्ञान समाजाच्या आत राहून करावे. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमेकांचे भाऊबहीण असल्यामुळे मतभेदाचा प्रश्न नव्हता.

इकडे रचनाचा मोठा भाऊ संघदीप केंद्रात आला. वडिलांच्या माघारी घर तोच पाहत होता. तो भांडला नाही, आवाजही चढवला नाही.

"तुमच्या मशीनले एकच इचारा," तो म्हणाला. "सासू माझ्या बहिणीच्या हातचा चहा पिईन का?"

वीरेंद्रने यंत्राकडे पाहिले. ही चाचणी तूर्त उपलब्ध नाही, असे त्यांनी खाली मान घालून सांगितले.

वीरेंद्रकडून कळलेले हे हेमेंद्रने घरी सांगितले. मनीराम उठून गोठ्यात गेला. चमेलीबाई बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या कोणाला न सांगता एसटीने कोहमाऱ्याला गेल्या, घर विचारत विचारत रचनाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेव वो बाई."

चहा प्यायल्या. साखर जास्त झाली, एवढीच तक्रार केली. संघदीपने त्यांना बसपर्यंत पोचवले.

लग्न गोंदियाला नोंदणी कार्यालयात झाले. मनीराम येणार नव्हता, म्हणून तो फाटकाबाहेर ट्रॅक्टरवर बसून राहिला. फोटोच्या वेळी चमेलीबाईंनी त्याला हाताला धरून आत आणले. फोटोत तो कॅमेऱ्याकडे न पाहता सुनेच्या टोपीकडे पाहतो आहे. ती थेट ड्यूटीवरून आली होती.

केंद्राला मात्र या लग्नाचा फटका बसला. तक्रारी आल्या, ग्राहक तुटले. वीरेंद्रने यंत्रात सुधारणा केली. आता नमुन्याआधी आडनाव घेतले जाते. पुढे लक्षात आले, की आडनाव, गाव आणि मामाचे कूळ घेतल्यावर थुंकीची गरजच उरत नाही, म्हणून ती बंद झाली. यंत्र शोभेला ठेवले आहे. गर्दी इतकी वाढली, की टोकन घ्यावे लागते. दारावर पाटी आहे : 'संपूर्ण वैज्ञानिक पद्धत. फक्त समाजातच.'

ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे हळहळले. समाज किती मागासलेला आहे, असे म्हणाले; मग जरा जवळ सरकून त्यांनी विचारले, "पण दोघं नेमके कोणातले?" तुम्ही तसे विचारणार नाही, याची मला खात्री आहे. तुम्ही वाचणारे लोक. तुम्ही ते नावांवरून केव्हाच ओळखले आहे.