सोजराक्काचं दवाखान्याशी भांडण

सोजराक्का दवाखान्यात निघाली की चपला घरीच काढून ठेवते आणि पदर कमरेला खोचते. नळावर भांडायला निघालेली बाई अशीच निघते. आजारी माणूस मागं, आक्का पुढं. चपला कशाला काढल्या म्हणून विचारलं, तर म्हणते, "पळायची येळ आली तर आडव्या यायच्या न्हाईत." तिला कोणापुढं पळताना मी अजून पाहिलेलं नाही. डॉक्टर पळालेले पाहिलेत.

सोजराक्का ही माझी मोठी नणंद. नवऱ्यानं टाकल्यापासून आमच्याच आवारात राहते. आमची मेंढरं, तिच्या शेळ्या, एकच कुंपण. आमचं गाव पोखर्णीच्या पुढं. गावातलं कोणीही दवाखान्यात निघालं, की आक्का न बोलावता जीपमध्ये जाऊन बसते. तिचं सगळं भांडण तिथल्या शब्दांवरून. ती म्हणते, "शब्द आपल्या वळखीचा आस्तोय. येस्टीत भेटतोय, बाजारात भेटतोय. पर दवाखान्यात गेला की मोठ्या घरी दिलेल्या पोरीवानी वळख दाखवीत न्हाई."

एकदा माझ्या मालकाचं पोट दुखायला लागलं. तरुण डॉक्टरानं पोट दाबलं आणि शेजारच्या डॉक्टराला सांगितलं, "टेंडर आहे."

आमच्या गावात टेंडर लहान लेकरालाही कळतं. फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याचं टेंडर दर निवडणुकीला निघतं. रस्ता निघत नाही.

"कोनाचं निघालं?" आक्कानं विचारलं.

"आजी, पोट टेंडर आहे."

"तेच इचारायले. कोनी भरलं? त्याच गुत्तेदारानं भरलं आसंल तर मेला माझा भाऊ. ऱ्हातंय आता खड्ड्यात."

डॉक्टर हसायला लागला. टेंडर म्हणजे दाबल्यावर दुखतं, एवढंच, असं त्यानं सांगितलं. मग आक्का खरी तापली. "मंग दुखतंय मन की मुडद्या! दुखतंय मनायला काय तोंड भाजायलंय?"

लोक ही गोष्ट सांगून हसतात. मला हसू येत नाही, राग येतो. दुखतं माझ्या माणसाचं, आणि सांगतात एकमेकांना.

पॉझिटिव्हचं तसंच झालं. शेजारच्या म्हातारबांच्या खोकल्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्याच आठवड्यात बचतगटाच्या मॅडम गावात आल्या. देवळापुढं आम्हा बायकांना बसवून म्हणाल्या, "ताईंनो, घरात सगळ्यांनी पॉझिटिव्ह राहायचं." आक्का मागून उठली. "आमच्या शेजारी एक हाय पॉझिटिव्ह. त्याच्या सुनंनं लेकरं घिऊन माहेर गाठलं. तुमी ऱ्हाता का त्येच्या घरी?" मॅडमनी चहासुद्धा घेतला नाही.

आणि नॉर्मल. वरच्या आळीच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा ती दोन गावांना ऐकू जाईल अशी ओरडली. टाके पडले, ताप आला, पोरगी कागदासारखी पांढरी झाली. आक्कानं विचारलं, तर सिस्टर म्हणाली, "काळजी करू नका, नॉर्मल झालीय." आक्का त्या सिस्टरला घरापर्यंत शिव्या देत आली. "आसं आसतंय व्हय नॉर्मल? हिच्या आंगावरून गाडी गेली तर ही काय मनंल, सपाट झाली?"

पण मला आक्काचाही राग येतो. का येऊ नये? माझंच सांगते. मला बायकांचा त्रास सुरू झाला होता. पुरुष डॉक्टर, त्यात मी चार माणसांत तोंड न उघडणारी. डॉक्टरानं खाली बघत विचारलं, "डिस्चार्ज आहे का?" मला कळलं होतं, अंगावरून जातं का ते विचारतोय. मी मान हलवणार, तेवढ्यात आक्का कडाडली, "आत्ता तर आलो! तपासलं न्हाई, सुई न्हाई, आन् लगीच घरी काढायलास व्हय?" तिथं भांडण असं पेटलं की माझं दुखणं राहिलं बाजूला. डॉक्टरानं कसल्या तरी गोळ्या लिहून दिल्या आणि आम्हाला बाहेर काढलं. त्या गोळ्यांनी नुसती जळजळ झाली. मी आठवडाभर आक्काशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, कारण मी एरवीही बोलत नाही.

म्हणून कावेरीच्या वेळी मी ठरवलं होतं, आक्काला न्यायचं नाही. कावेरी माझी एकुलती पोरगी. पहिलटकरीण, अंगानं किडकिडीत. पहाटे कळा सुरू झाल्या. जीप आली, मी गाठोडं घेऊन चढले, तर आक्का आधीच आत बसलेली. अनवाणी.

दवाखान्याच्या दारात सिस्टरनं कावेरीला पाहिलं आणि स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामाला सांगितलं, "हिला लेबरमध्ये घे."

हा शब्द दुसरा कोणताही असता तर चाललं असतं. आम्ही कितीतरी वर्षं ऊसतोडीला गेलो. तिकडं आम्हाला नाव नव्हतं. मुकादम म्हणायचा, लेबर आली का. दुकानदार म्हणायचा, लेबरनं बाहेर उभं राहायचं. पाण्याची टाकी लेबरची वेगळी. लेबरच्या पोरांनी बंगल्याकडं यायचं नाही. कावेरी बारावी झाली, तेव्हा कोयते आम्ही मोडीत घातले.

आक्का स्ट्रेचरला आडवी झाली. "लेबर कोनाला मनलीस गं? ही पोरगी शिकलेली हाय. कोयता सोडला आमी. मानसाच्या खोलीत घाल हिला!"

"आजी, लेबर रूम म्हणजे बाळंतपणाची खोली. सगळ्यांना तिथंच नेतात. कलेक्टरीणबाई आल्या तरी तिथंच."

"तिच्या तोंडावर मनतीस का तिला लेबर?"

सिस्टरचाही पारा चढला. आत एकच बाई येईल, पोरीची आई. ही आजी दाराच्या आत दिसता कामा नये. वॉचमननं आक्काला दंडाला धरून बाहेर नेलं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. कळा वाढत गेल्या आणि मग पोरगीच थकली. कळ यायची, पण ती दम लावायची नाही. डोळे मिटायला लागली. हात माझ्या हातात, पण पकड सुटलेली. सिस्टर बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकायला लागली. "मावशी, बोला तिच्याशी! झोपू देऊ नका. असंच चाललं तर बाळाला धोका आहे."

मी बोलायला गेले. "बाळा," म्हटलं. पुन्हा "बाळा" म्हटलं. पुढं काही येईना.

ऊसतोडीच्या फडावर आमची एक रीत होती. पाचटाच्या कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, बाई अडली की एकजण पायाशी बसायची आणि एकजण उशाशी. उशाशी बसणारीचं काम शिव्या द्यायचं. गोड बोललं की बाई अंग सोडते, राग आला की जोर लावते. आमच्या टोळीत उशाशी कायम सोजराक्का बसायची. कावेरीच्या जन्माच्या वेळी तिनं मला माझ्या माहेरावरून असं काही सोलून काढलं होतं, की माझ्यासारखीनंही तिला उलट शिवी हासडली होती. कावेरी त्याच जोरात जन्मली.

आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"काव्ये! झोपलीस का गं भवाने? उठ! माझी शेळी बरी तुझ्यापरास, उभ्या उभ्या वितीय आन् लगीच चारा खातीय!"

खिडकीला जाळी होती, काचा रंगवलेल्या. आक्का मागच्या बाजूला भिंतीशी उभी असणार. सिस्टर ओरडली, "कोण आहे ते? हाकला तिला!"

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "तिला बोलू द्या."

"तुझी सासू मनली होती, पोरगी नुसती दिसायला हाय, कामाची न्हाई! खरंच हाय गं तिचं!" बाहेर वॉचमनचा आवाज येत होता, आजी चला, आजी चला. "थांब रे, हात सोड! काव्ये, तुझ्या मायनं तुला जन्म दिला का सुस्ती इकत आनली?"

कावेरीनं डोळे उघडले. दात खाल्ले. आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी ओरडली, "गप बस आत्ये! तुला एक तरी झालं आसतं तर कळलं आसतं, वांझोटे!"

बाहेर एकदम शांत झालं.

आक्काला झालं होतं. कावेरीच्या जन्माआधीची गोष्ट. टोळी फडात गेली होती, आक्का कोपीत एकटी होती. उशाशी कोणी नव्हतं. आम्ही परतलो तेव्हा ती बाळाला लुगड्यात गुंडाळून बसलेली होती. ते रडलंच नव्हतं. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. कावेरीला माहीत असायचं कारण नाही.

मला वाटलं, आता ती गेली. मला पोरीच्या कानाखाली ओढावीशी वाटली, तशा अवस्थेतसुद्धा. आणि मग आवाज आला, पहिल्यापेक्षा मोठा.

"हां! आता कशी बोललीस! आजून बोल! मन, वांझोटी मन! जोरात मन!"

कावेरी म्हणत राहिली. प्रत्येक कळेला तोच शब्द, आणि प्रत्येक शब्दाला बाहेरून "आजून!" सिस्टरनं मग खिडकीकडं पाहणं सोडलं. ती म्हणाली, "असंच, असंच, थांबू नकोस." बाळ आलं, आणि आल्या आल्या रडलं.

मी बाहेर आले. आक्का खिडकीखाली उन्हात पाय पसरून बसली होती. घसा पार बसलेला. वॉचमन पाण्याची बाटली धरून शेजारी उभा होता. तिनं नुसती भुवई उडवली.

"पोरगी झाली," मी म्हणाले. "दोघी बऱ्या हायेत. आक्का, ती बोलली ते..."

"तू ऐकलंच न्हाई," ती म्हणाली. आवाज नव्हता, ओठ हलले.

"मी तिला सांगते सगळं. पाया पडायला लावते तुमच्या."

आक्कानं माझं मनगट धरलं. "खबरदार. दूध यायचंय तिला आजून. मनाला लावून घेतलं तर आटंल." मग हात सोडून म्हणाली, "जा आत. तहान लागली आसंल पोरीला."

मी निघाले. दारातून वळून पाहिलं. आत बाळ पुन्हा रडायला लागलं होतं, आणि आक्का भिंतीला कान लावून बसली होती.