दातांच्या खुणांचा शिवनेरी

वस्तू टिकवायची असेल तर ती वापरू नये, हे शास्त्र आपल्याकडे घरोघरी पोचलेलं आहे. पिंपळवंडीने त्यासाठी रीतसर समिती नेमली, एवढाच काय तो गावाचा मोठेपणा.

शाळेच्या अडगळीत एक पत्र्याची पेटी सापडली. आत एकात एक बसणारे प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे, चाळीसेक वर्षांपूर्वीचे. निवृत्त चांगदेव गुरुजींनी ते लगेच ओळखले. याच ठोकळ्यांवर त्यांनी अर्ध्या गावाला बेरीज शिकवली होती. (उरलेलं अर्धं आजही बोटांवर मोजतं आणि सुखी आहे.)

आता हे ठोकळे पहिलीच्या पोरांच्या हाती द्यायचे, एवढंच गुरुजींच्या मनात होतं. त्यांनी ते रिठ्याच्या पाण्यात भिजवले, जुन्या टूथब्रशने खाचांतली माती काढली, सैल पडलेल्यांना सुनेचं नेलपॉलिश आतून लावून घट्ट केलं. दातांच्या खुणा मात्र तशाच ठेवल्या. लाल ठोकळ्यावरची खोल खूण दादाभाऊंची. हातचा मिळवायला विसरले की ते ठोकळा चावायचे.

हेच दादाभाऊ आता 'ठोकळे जतन व प्रदर्शन समिती'चे अध्यक्ष होते. समितीने एकमताने ठरवलं: काचेचं कपाट, कुलूप आणि ठोकळ्यांचा शिवनेरी. पोरांनी मोडू नये म्हणून तो चिकटवून टाकायचा, तोही शेतातल्या पाइपलाइनला लावतात त्या सोल्युशनने.

"दादाभाऊ, हे जोडायचं, सोडायचं, परत जोडायचं असतं," गुरुजी म्हणाले. "त्यातच शिकणं आलं."

"सोडायचं कशाला, गुरुजी? एकदा जोडलं की मिटलं. तुमी लई हळवं."

उद्घाटनाचे पाहुणे मंचरला कांद्याच्या गाड्यांत अडकले. तोवर पहिलीचा वर्ग उन्हात हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसला. पाहुणे आले आणि 'मुक्त खेळाचे महत्त्व' या विषयावर बोलले. मग मुलांना रांगेने कपाटासमोरून नेण्यात आलं. काचेला हात लावायला मनाई होती. नाकाबद्दल नियम नव्हता, त्यामुळे काच नाकांच्या ठशांनी भरली. (तो नियम दुसऱ्या दिवशी झाला.)

पाहुणे गेल्यावर दादाभाऊ कपाटापाशी रेंगाळले.

"गुरुजी, माझा लाल ठोकळा कुठं हाय वो?"

"महादरवाज्याच्या वर."

दादाभाऊंनी इकडेतिकडे बघत कुलूप काढलं. ठोकळा हलवला, ओढला, शेवटी दातांत धरून ओढला. ठोकळा जागचा हलला नाही, सोल्युशन चांगल्या प्रतीचं होतं. जुन्या खुणेशेजारी नवी खूण तेवढी उमटली. समितीने तिचीही पाटी लावली: 'दंतखूण, मा. अध्यक्ष, दुसरी आवृत्ती'.

कपाट ज्या खोक्यातून आलं होतं, त्यातला थर्माकोल गुरुजींनी उचलला आणि पोरांना घेऊन चिंचेखाली बसले. संध्याकाळपर्यंत तिथे पायऱ्यांसकट लेण्याद्री उभा राहिला, पडला, परत उभा राहिला.

"गुरुजी, आता मी पाडू?" समृद्धी नावाच्या पहिलीतल्या पोरीने विचारलं.

"पाड. पण पायऱ्या मोजून पाड."

दादाभाऊ ते बघायला आले आणि गहिवरले. "लई झ्याक केलंय पोरांनी. पण मोडलं म्हंजे?"

दुसऱ्या कपाटाची ऑर्डर त्याच दिवशी गेली. सोल्युशन शिल्लक होतंच.

वाचकांनी पिंपळवंडीला हसायला हरकत नाही. हसून झालं की आपल्या दिवाणखान्यातल्या शोकेसचा वरचा कप्पा तेवढा बघावा. मामाने आणलेला खेळ तिथे अजून खोक्यासकट आहे. 'जरा कळता झाला की देऊ' म्हणून ठेवलेला. ज्याच्यासाठी ठेवला, तो आज सकाळी त्याच काचेत बघून दाढी नीट झाली का ते तपासत होता.