लोण्यावरचा सेरेस

"सर, तुम्ही इतकी वर्षं सेरेस शिकवता, पण स्वतः कधी पाहिलाय का?"

हा प्रश्न विचारायची पैज तिउर्माने आणि मागच्या बाकावरच्या टोळीने लावली होती. रेंगानिसने तो उभी राहून खणखणीत आवाजात विचारला. सोबारी सरांना प्रश्न विचारणं म्हणजे डुलक्या घेणाऱ्या रेड्याची शेपटी ओढणं!

सरांनी चष्मा पुसला. "नाही पाहिला. तू दाखव."

"मी?"

"शनिवारी संध्याकाळी तुमच्या गच्चीवर येतो. बटुग्रह आहे, पण हातातल्या दुर्बिणीतूनही दिसतो म्हणे. दाखवलास तर खगोल स्पर्धेच्या संघातली उरलेली जागा तुझी. नाहीतर तिउर्माची."

तिउर्मा लगेच ताठ बसली. मैत्री मैत्रीच्या जागी! आणि रेंगानिसला ती जागा इतकी हवी होती, की रोज आरशासमोर ती सत्काराचं भाषण करायची.

काम तसं सोपं होतं. आज तारे टिपायचे, उद्या ताडून बघायचे. जो ठिपका सरकला तो सेरेस. शुक्रवारी अंधार पडताच अबाहची, म्हणजे बाबांची, कबुतरांच्या शर्यतीची दुर्बीण गळ्यात अडकवून ती गच्चीवर गेली. कपडे वाळत घालायच्या बांबूवर दुर्बीण टेकवली, सरांनी सांगितलेला आकाशाचा तुकडा शोधला, आणि लक्षात आलं की कागद खालीच राहिला! हातात होता आईने, अंबूने, दिलेला लोणी लावलेला पाव आणि वर पेरायच्या चॉकलेटच्या दाण्यांची पुडी.

मग काय! एकेक तारा बघायचा, एकेक दाणा लोण्यात दाबायचा. झाला नकाशा. डोंगरातल्या थंडीने लोणी असं घट्ट झालेलं, की दाण्याची हलायची बिशाद नव्हती.

पाव जाळीच्या झाकणाखाली ठेवून तिने अंबूला बजावलं, "याला हात लावायचा नाही. उद्या सर येणारेत, सेरेस बघायला."

आता गल्लीत त्या चॉकलेटच्या दाण्यांनाच, पुडीवरच्या नावावरून, सेरेस म्हणतात.

"सर घरी येणार आणि एकाच पावावर सेरेस? शोभतं का?" अंबू म्हणाली, आणि तिने गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, 'उद्या मगरिबच्या नमाजानंतर आमच्या गच्चीवर सेरेस. सगळ्यांनी या.'

सगळे आले! लोणी लावलेले पाव घेऊन आले. शेजारच्या चेचेप काकांनी तर अख्खी लादीच आणली.

"सेरेस कुठाय, नेंग, पोरी?" त्यांनी विचारलं.

"तो काय, वर," रेंगानिसने आकाशाकडे बोट केलं.

काकांनी वर बघितलं आणि पाव पुढे धरला. "पडेल कधी?"

"मला जरा जास्त पडू दे," आजी म्हणाली. तिला सगळे निनी म्हणत. "मला चावायला दात नाहीत."

तेवढ्यात सोबारी सर आले. मागोमाग तिउर्मा, मजा बघायला. रेंगानिसने थाटात झाकण उचललं, दुर्बिणीतून पाहिलं आणि उडीच मारली.

"सर, सरकला! काल हा पावाच्या कडेला होता, आज आकाशात बरोबर मध्यभागी!"

"एका दिवसात एवढा?" सरांनी पावावर टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिले. "रेंगानिस, तुझा सेरेस अजून चालतोय."

कडेचा दाणा खरंच चालत होता. खाली मुंगी होती.

"सहा पायांचा ग्रह मी प्रथमच पाहतोय," सर म्हणाले. गच्ची हसून हसून लोळली. तिउर्मा सगळ्यात जास्त. "तिउर्मा, सोमवारी तू मला..."

"थांबा सर." रेंगानिसचे कान तापले होते, पण डोकं चालू होतं. पावाच्या मधोमध, लोण्यात, दाण्याची खाच तशीच होती. तिने मुंगीवर फुंकर मारली, दाणा परत खाचेत बसवला, आणि आकाश, पाव, आकाश, पाव असं पहिल्यापासून ताडायला घेतलं. सगळे ठिपके जुळत होते. फक्त कोपऱ्यातला एक आकाशात दाणाभर डावीकडे होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "हा. याला पाय नाहीत."

सरांनी दुर्बीण घेतली. पाव बघितला. पुन्हा दुर्बीण लावली आणि ती खाली ठेवेचनात.

"तिउर्मा," शेवटी ते म्हणाले, "सोमवारचं राहू दे. जागा गेली." मग घसा खाकरून, "मीही पाहिला बरं का."

रांग लागली. चेचेप काकांनी एक डोळा मिटून पाहिलं. "एवढासाच? पुडीतला मोठा असतो." निराश होऊन त्यांनी लादी कोरडीच खाल्ली.

सगळे पांगल्यावर रेंगानिस अबाह-अंबूसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी ठरवलंय. मी खगोलशास्त्रज्ञ होणार. आणि माझा हा पहिला नकाशा जन्मभर जपून..."

मागे निनी ओठ पुसत होती. "जरा शिळा होता," ती म्हणाली, "पण गोड."

रेंगानिसने रिकाम्या ताटलीकडे पाहिलं.

"अबाह, अंबू, मी अजून एक ठरवलंय. पुढचा नकाशा कागदावर."