पेल्याखालची गोधडी

तक्रारदार : मी, रघुनाथ, अर्जलेखक, कचेरीसमोरील पडवी, श्रीवर्धन.
ज्यांच्याविरुद्ध : युसूफभाई मास्तर, शिवणकाम, तीच पडवी, माझ्या उजव्या हाताला चार फुटांवर.
कालावधी : गेल्या दिवाळीपासून आजतागायत.
साक्षीदार : चहावाले दगडू, तसेच गोविंदकाका, ज्यांचे नुकसान पुढे येईल.
मागणी : मास्तरांना मशीनसह मागील दारी, विहिरीकडे हलवावे.
प्रति : पडवीच्या मालकीण सुमनकाकू. नक्कल सर्व वाचकांच्या माहितीस्तव.

उपरोक्त इसम कोणालाही चहाचा पेला उघड्या लाकडावर टेकू देत नाहीत. पेला खाली येण्यापूर्वी त्यांचा हात मध्ये येतो आणि पेल्याखाली तळहाताएवढी चौकोनी गोधडी सरकते. ते तिला कोस्टर म्हणतात. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असले, तरी सबंध तालुक्याची भांडणे माझ्या लेखणीखालून गेली आहेत. पेल्याला अंथरूण लागते, असे आजवर एकाही अर्जात आलेले नाही.

"टेबल माझे आहे, युसूफभाई," मी एकदा स्पष्ट बजावले.

"टेबल तुमचा, डाग पन तुमचाच, दादा. पन दिवसभर बघायला मला लागतो ना!"

बरे, ही गोधडी सरळ ठिगळांची असती तर एक वेळ सोसली असती. मास्तरांना सरळ शिवण वर्ज्य आहे. एका तुकड्याला ते गोल पोट ठेवतात, दुसऱ्याला तेवढीच खोल खाच. दोन्ही कडा समोरासमोर धरल्या की एकमेकींकडे पाठ फिरवतात. मग मास्तर मधोमध एक टाचणी लावतात, टोकांना दोन, खाचेच्या कडेला कात्रीने बारीक कातरे देतात आणि मुंगीच्या चालीने मशीन चालवतात. वर इस्त्री. जोड ताटासारखा सपाट बसला नाही, तर सगळे उसवून पुन्हा आरंभ.

"कापड वढायचा न्हाय, दादा. समजवायचा," हे त्यांचे पालुपद. हेच ते मी पक्षकाराला दोन शब्द सुनावत असतानाही मध्येच ऐकवतात. पक्षकार हसतो. माझा मुद्दा वाहून जातो.

दिवेआगरच्या एका होमस्टेवाल्या बाईंनी डझनभर कोस्टर सांगितले होते. त्या गाडी घेऊन आल्या, तर मास्तरांनी अकराच दिले. बाराव्याच्या गोलाईवर चुणी होती. बाई म्हणाल्या, "अहो, त्यावर कप ठेवला की दिसणार आहे का?" मास्तर म्हणाले, "कप उचलला की दिसंल." बारावा उसवून पुन्हा शिवून होईपर्यंत बाई दोन तास माझ्या बाकावर बसल्या. माझे दोन पक्षकार उभे राहिले.

ब्लाउज किंवा सदरा शिवायला आणणाऱ्यांना ते समोरच्या दुकानात पाठवतात. कारण विचारले तेव्हा कळले, की आखातातल्या दुकानात बावीस वर्षे त्यांनी फक्त बाह्या जोडल्या. कापणारा वेगळा, कॉलरवाला वेगळा, काजवाला वेगळा. "माझी बाही कुठं कुठं फिरत असंल, दादा. पन अख्खा सदरा हातातून गेला न्हाय कधी. हा कोस्टर बघा, पैल्या कातरीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत माझा."

इथवर मी चालवून घेतले. परंतु गोलाईचा साचा कापण्यासाठी मास्तर माझ्या टोपलीतले रद्द कागद उचलतात. गेल्या महिन्यात त्यांनी टोपलीऐवजी टेबलावरचा कागद उचलला. गोविंदकाका हद्दीच्या तक्रारीचा अर्ज घेऊन कचेरीत उभे राहिले, तेव्हा त्याचा खालचा उजवा कोपरा, म्हणजे नेमकी मागणी आणि सही, चतकोर भाकरीसारखा गोल कापून गेलेला होता. काका परत आले ते माझ्यावर ओरडत. मास्तरांनी तुकडा शोधून दिला. त्याला टाचणीची सात भोके होती.

मी त्याच दिवशी सुमनकाकूंकडे गेलो. "तोंडी नको रे, रघुनाथ," त्या म्हणाल्या. "लिहून आण. लगेच त्यांना मागच्या दारी बसवते."

येथवर अर्ज लिहून झाला आणि मी तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळलो.

नवव्या दिवशी अर्ज खिशात घालून पडवीवर आलो. माझ्या टेबलावर, कोस्टरवर, वाफाळता चहा होता. बाकावर तीन माणसे तोंडे फुगवून बसली होती.

"आलात एकदाचे!" एक जण गरजला. "आठ दिवस या भाईंकडून ऐकतोय, साहेब आत्ताच उठून गेले, चहा गरम हाय!"

दगडूला विचारले. "व्हय तर. भाई रोज सकाळी न संध्याकाळी दोन-दोन चहा सांगायचे, एक त्यांचा, एक तुमचा. तुमचा गार झाला की वतायचे, न परत नवा."

मी मास्तरांवर भडकलो. माझ्या नावावर लोकांशी खोटे बोलण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

त्यांनी मशीनवरून मान उचलली नाही. "तिकडं एका खोलीत आठ जन ऱ्हायचो, दादा. कोन आजारी पडून गावाला गेला की दुसऱ्या दिशी त्याच्या खाटंवर नवा मानूस. मंग त्याचा नाव पन कोनी घ्यायचा न्हाय." दोरा तोडून म्हणाले, "घरात जेवन एकट्यानं जातं. चहा न्हाय जात."

चहा मी प्यालो. साखर जास्त होती.

सबब, सुमनकाकूंना विनंती की :

वरील मागणी रद्द समजावी. गोविंदकाकांच्या अर्जाबाबतची तक्रार मात्र पूर्णपणे कायम आहे आणि मास्तरांना त्याबद्दल समज द्यावी. विहिरीकडून माझे टेबल दिसत नाही, हेही विचारात घ्यावे. मास्तर आहेत तिथेच राहतील, असे उत्तर आपण लेखी द्यावे व ते दोन्ही चहांच्या वेळी पडवीवर येऊन, आम्हा दोघांसमक्ष, मोठ्याने वाचून दाखवावे.

आपला नम्र,
रघुनाथ, अर्जलेखक